बेबीनंदाचा ट्रक

शहागडच्या शाळेसमोर ट्रक बंद पडणं ही काही नवी गोष्ट नव्हती. हमरस्ताच तो, एखादा ट्रक तिथं धापा टाकत उभा राहायचाच. पण त्या दुपारी बंद पडलेल्या ट्रकचा भोंगा अडकला. इंजिन गप्प आणि भोंगा चालू. पोंऽऽऽ! एका सुरात, दम न घेता.

चौथीच्या वर्गात उषाबाई भागाकार शिकवत होत्या. त्या शाळेत नवीनच होत्या. पोरं आधी खिडकीकडं वळली, मग हसायला लागली, मग सगळीच भोंग्याच्या सुरात सूर मिसळून ओरडायला लागली. बद्रीनाथ तर उभा राहून नाचू लागला. बाईंनी छडी टेबलावर आपटली. छडी मोडली. त्यावर हशा आणखीच उसळला.

एकटी बेबीनंदा हसत नव्हती. ती धावड्याहून मामाकडं शिकायला आली होती, आणि तिच्या गावात मोठ्यात मोठा आवाज म्हणजे पोळ्याच्या ढोलाचा. दोन्ही कान दाबून ती टेबलाखाली शिरली आणि हमसून रडू लागली.

बाई खाली वाकल्या. "काय झालं गं?"

"बाई, ते थांबतच न्हाई! माझ्या डोक्यात वाजून राह्यलं."

वर सगळा वर्ग बेभान, खाली ही रडणारी, हातात मोडकी छडी. बाईंना काय करावं सुचेना. आणि खरं म्हणजे त्यांना स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. शेवटी त्या फिस्सकन हसल्याच. मग पदर खोचून म्हणाल्या, "उठा सगळे! भागाकार राहू द्या. आपण ट्रक होऊ."

पटांगणात पोरं एकामागं एक, खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"डायवर मी! बाई, मी!"

"डायवर बेबीनंदा."

"मी न्हाई बाई. मला भेव वाटतं."

"म्हणूनच तू. तू हात खाली केलास की भोंगा चालू, वर केलास की बंद. तुझ्या हुकमाशिवाय कुणी आवाज काढायचा नाही."

बेबीनंदानं एका कानावरचा हात काढला. खाली केला. पोंऽऽऽ! वर केला. पोरं चिडीचूप. तिनं पुन्हा करून बघितलं. बराबर! तिच्या ओल्या गालांवर हसू पसरलं.

मग घर्र घर्र करत ट्रक पटांगणातल्या लिंबाच्या झाडाला वळसे घालू लागला. बद्रीनाथची टोपी उडाली. एक कोंबडी बोंबलत कुंपणापलीकडं पळाली. सगळ्यात मागं उषाबाई क्लीनर होऊन ओरडत होत्या, "जाने दो, जाने दो!"

रस्त्याकडं तोंड करून बेबीनंदा थांबली. तिनं खऱ्या ट्रककडं रोखून बघितलं आणि सगळा जीव एकवटून हात वर केला. पोरं गप्प झाली. नेमक्या त्याच क्षणी ड्रायव्हरनं तिकडं वायर उपटली असावी. खरा भोंगाही थांबला.

"आयला!" बद्रीनाथ पुटपुटला. "खऱ्या ट्रकनं बी ऐकलं हिचं!"

मंग काय! पोरं हसून हसून धुळीत लोळली. बेबीनंदा तर उचकी लागेपर्यंत हसली. ऑइलनं तोंड काळं झालेल्या ड्रायव्हरनं बॉनेटमागून डोकं काढलं आणि काही न कळताच सलाम ठोकला.

"आता इंजिन गरम झालंय," बाई म्हणाल्या. "सावलीत घ्या. नाकानं हवा आत. हळूहळू सोडा. फुस्स."

लिंबाखाली पोरं आडवी झाली. मधूनच कुणाला तरी खुदकन हसू फुटायचं, पुन्हा फुस्स व्हायचं. हळूहळू सगळी निवली.

तेवढ्यात हेडमास्तर काकासाहेब आले. घसा पार बसलेला. "बाई, हे काय चाललंय?"

"इंजिन थंड करून राह्यलो, सर," बद्रीनाथनं डोळे मिटूनच सांगितलं.

काकासाहेबांनी त्या शांत पोरांकडं बघितलं. मागं सातवीच्या वर्गात आरडाओरडा चालूच होता. ते आवाज उतरवून म्हणाले, "सातवी माझं बिलकुल ऐकून न्हाई राह्यली. तुमची डायवर जरा जल्दी देता का?"

बाईंनी मान डोलावली. बेबीनंदानं बाहीला नाक पुसलं आणि हेडमास्तरांच्या पुढं चालू लागली.

थोड्याच वेळात मिसरूड फुटलेली दांडगी पोरं घर्र घर्र करत लिंबाला वळसे घालत होती. वर्गात परतलेल्या चौथीनं खिडकीत गर्दी केली. सगळ्यात मागं, धोतराचा सोगा हातात धरून, काकासाहेब पळत होते.