एल्डर ग्रोव्हमधली करडी गाडी

ट्रेंट हॅलोरनला घर हवं होतं, पण घरापेक्षाही त्याला हमी हवी होती. शिकागोतल्या भाड्याच्या घरात इतकी वर्षं काढली, कुणी त्याच्या केसालाही धक्का लावला नव्हता. तरी लांब कुठं सायरन वाजला की हा पठ्ठ्या उठून दाराचं कुलूप ओढून बघायचा. त्यात मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली आणि उपनगर शोधणं सुरू झालं. जवळची उपनगरं खिशाला परवडेनात, आणि खिशाला परवडणारी याच्या जिवाला परवडेनात. बायको मार्नी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. तिची अट एकच होती, स्टेशन पायी गाठता यावं आणि सकाळी थेट गाडी मिळावी. ट्रेंटच्या अटी सांगायला बसलं तर ताटातलं अन्न निवून जाईल.

शेवटी एल्डर ग्रोव्ह सापडलं. झाडंबिडं होती, शाळेचं नाव चांगलं होतं, स्टेशन हाकेच्या अंतरावर होतं. तिथलं एक पिवळं घर मार्नीच्या मनात भरलं. किंमत मात्र आवाक्याच्या जरा बाहेर, आणि दोन गिऱ्हाइकं आधीच टपून बसलेली. दलाल म्हणाला, आजच्या आज बोली लावा. ट्रेंट म्हणाला, छे, आधी वस्ती पारखून घेतो.

घर घेण्याआधी वस्तीत वेगवेगळ्या वेळी जाऊन बघावं, असा सल्ला त्यानं इंटरनेटवर वाचला होता. शहाणा माणूस दोनदा गेला असता. हा महिनोन्महिने जात राहिला. सकाळी, टळटळीत दुपारी, शाळा सुटताना, दिवेलागणीला. आपली करडी गाडी गोगलगायीच्या चालीनं गल्लोगल्ली फिरवायची, कोपऱ्यावर उभी करायची आणि टोपी डोळ्यांवर ओढून, डोनट खात, कोण आलं कोण गेलं ते न्याहाळत बसायचं. दारांना कॅमेरे आहेत का हे बघायला तो लोकांच्या हिरवळीच्या कडेला जाऊन मान लांब करायचा. कुत्री किती जागरूक आहेत ते कळावं म्हणून एकदा कुंपणावरून शुक शुक करून आला. मार्नीनं हे ऐकलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "वस्ती बघतोयस की दरोड्याची आखणी करतोयस?" तिनं विचारलं. त्यावर सावधपणा म्हणजे काय, यावर तिला लांबलचक व्याख्यान ऐकावं लागलं.

आणि काय गंमत बघा, ती दोन्ही गिऱ्हाइकं एकाएकी पसार झाली. घरमालकिणीनं किंमत उतरवली, पुढच्या आठवड्यात आणखी उतरवली. कारण विचारलं तर दलाल घसा खाकरून म्हणाला, बाजार थंड आहे. ट्रेंटची छाती फुगली. थांबला त्याला मिळालं, असं तो दहा जणांना सांगत सुटला. पिवळं घर त्याच्या पदरात पडलं.

सामान उतरलं त्याच आठवड्यात समोरच्या बार्ब ओल्सेननं नव्या बिऱ्हाडाच्या स्वागताला गल्ली गोळा केली. ही बार्ब म्हणजे वस्तीच्या राखण मंडळाची पाटलीण, तिला निवडलं कुणी ते मात्र कुणालाच आठवत नव्हतं. तिच्या गॅरेजपुढं सॉसेज भाजले जात होते, लोक कागदी ताटल्या घेऊन उभे होते. बार्बनं मार्नीला बाजूला घेतलं आणि फोन उघडला. गल्लीतली सगळी खबर त्यातल्या गटावर यायची, कुणाच्या दाराशी कोण थांबलं, कुणाच्या गवतावर कुणाचं कुत्रं बसलं. तिनं करड्या गाडीत टोपी ओढून बसलेल्या एका माणसाचा फोटो पुढं धरला.

"तुम्हाला घर इतकं स्वस्त कसं मिळालं, ठाऊक आहे?" बार्ब म्हणाली. "ह्या मेल्यामुळं. घर बघायला येणारे याच्याबद्दल वाचायचे आणि पाय लावून पळायचे."

खाली वर्णन होतं. वय पन्नाशीच्या पुढं, काळासावळा, नजर वखवखलेली, शाळा सुटताना हमखास हजर. ट्रेंट चाळिशीचा आणि मैद्यासारखा पांढरा, पण भीतीला कुठं चष्मा असतो. फोटो पुसट होता. गाडीच्या मागच्या दारावरचा पोचा मात्र मार्नीनं लगेच ओळखला, कारण तो तिनं स्वतः हॉस्पिटलच्या खांबावर गाडी घासून पाडला होता. तिला हसूच फुटलं. आता हा किस्सा सगळ्यांना सांगायचा म्हणून ती तोंड उघडणार, एवढ्यात फोनमध्ये डोकावलेल्या ट्रेंटनं तिचा हात दाबला.

"मी पण बघितलंय याला," तो म्हणाला. "अगदी जवळून."

घ्या! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. लोकांनी त्याला गराडा घातला आणि ट्रेंटला चेव चढला. त्या माणसाला त्यानं मिशी लावली, गालावर व्रण दिला. सॉसेज संपायच्या आत तो राखण मंडळाचा सभासद झाला होता.

घरी आल्यावर मार्नी म्हणाली, हसत सांगून टाकलं असतंस तर चार दिवस लोकांनी चेष्टा केली असती आणि विषय संपला असता. ट्रेंट म्हणाला, आपल्याला इथं जन्म काढायचाय, पोरीला याच शाळेत जायचंय, एकदा नाव खराब झालं की झालं. पुढच्याच आठवड्यात त्यानं गॅरेजात ठेवलेली ती करडी गाडी लांबच्या गावी जाऊन विकून टाकली. मार्नी गप्प बसली. तिला राग होता, लाजही वाटत होती, पण स्टेशनवरची ती थेट गाडी तिलाही गोड लागत होती, हे कशाला लपवा.

तेव्हापासून ट्रेंट चमकणारं पिवळं जाकीट घालून गस्त घालू लागला. साप साप म्हणून भुई धोपटण्यात त्याचा हात धरणारा गल्लीत कुणी उरला नाही.

पानं पिवळी पडू लागली होती. एका दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, कोपऱ्यावर एक करडी गाडी येऊन थांबली. बार्बनं गटावर आरोळी ठोकली आणि बघता बघता दहाबारा जणांनी गाडी घेरली. आतून एक सावळा माणूस दोन्ही हात दिसतील असे धरून सावकाश उतरला. त्याची गाडी वेगळ्या कंपनीची होती. दारावर पोचा नव्हता, गालावर व्रण नव्हता, मिशीही नव्हती.

तो म्हणाला, माझं नाव रेनाल्डो, गल्लीच्या टोकाचं घर विकायचंय ना, ते घ्यावं असा विचार आहे. "पण आधी वस्ती बघावी म्हटलं. वेगवेगळ्या वेळी येऊन बघा, असं सांगतात ना."

हे वाक्य ट्रेंटला तोंडपाठ होतं.

बार्बनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू त्याला जवळून बघितलेलं. हाच ना?"

मार्नी नेमकी तेव्हाच स्टेशनवरून चालत येत होती. ती थांबली. ट्रेंटनं तिला पाहिलं, शेजाऱ्यांकडं पाहिलं, आपल्या पिवळ्या घराकडं पाहिलं. एक शब्द बोलायचा होता.

"हाच," तो म्हणाला.

पोलीस आले, त्यांनी कागद बघितले, काही सापडलं नाही म्हणून सगळ्यांना जायला सांगितलं. लोक मात्र हलले नाहीत. रेनाल्डो गाडीत जाऊन बसला. त्याला काही केल्या पट्टा लावता येईना. मार्नी खिडकीपाशी गेली, वाकून तिनं तो लावून दिला.

"ताई, तुम्ही इथंच राहता ना?" त्यानं विचारलं. "खरं सांगा. माझी पोरगी लहान आहे. ही वस्ती सुरक्षित आहे का?"

मार्नी सरळ उभी राहिली.

"नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हे ज्याला शोधतायत तो इथंच राहतो. त्या पिवळ्या घरात. मी त्याची बायको."

बार्बनं ट्रेंटच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.