वर दोघं गेली, खाली एक आला

लग्नाला जेमतेम महिना झाला होता. एका सकाळी दार्सा मला म्हणाला, "नेंग, वर येतेस का? नवे तंबू आलेत. पावसात एकदा झोपून बघितल्याशिवाय मी ते भाड्याने देत नाही."

माझं हे दुसरं लग्न. पहिला नवरा तापाने गेला. दार्साचंही दुसरंच, पण पहिल्या बायकोबद्दल तो अवाक्षर काढत नसे. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं तंबू आणि सॅक भाड्याने देण्याचं दुकान होतं. माणूस शांत, हात सतत कसली ना कसली गाठ मारण्यात गुंतलेले. मी हो म्हटलं.

निघायच्या दिवशी मी केळीच्या पानात भात आणि खारवलेली मासळी बांधत होते, तर शेजारची मा कोकोम येऊन दारात बसली.

"त्याच्याबरोबर निघालीस? पावसाची?"

"तंबू तपासायला पावसातच जावं लागतं, मा."

"त्या पहिलीला, रुमसीलाही पावसाचीच घेऊन गेला होता." तिने आवाज खाली आणला. "वर दोघं गेली, मी या डोळ्यांनी बघितलंय. खाली आला तो एकटा. कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मला काय करायचंय म्हणा. मिरची बेताने घाल, त्याला पित्त होतं."

मी हसून घेतलं. पण वाटेला लागल्यावर दार्सा पुढे चालत राहिला आणि मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

पाऊस दुपारी सुरू झाला. झऱ्याकाठी छान सपाट, मऊ जागा होती, वाटेला लागूनच. मी सॅक खाली टेकवली.

"इथे नको," तो म्हणाला. "पाणी इथेच साठतं. वर चल."

"वर तर कुणीच नाही, कांग," मी म्हटलं. नवऱ्याला आमच्याकडे अशीच हाक मारतात.

"कुणी कशाला हवंय?"

आम्ही वाट सोडून झाडीत शिरलो. जरा उंचावर, उताराच्या कडेला त्याने जागा निवडली. आधी दोन झाडांना दोर ताणून ताडपत्रीचं छप्पर केलं, मग त्याच्या आडोशाला तंबू उभा केला. खालच्या प्लास्टिकच्या कडा तंबूबाहेर डोकावत होत्या, त्या एकेक करून आत दुमडल्या. दोराला सुतळीचे छोटे तुकडे बांधून लोंबत सोडले. दोरावरून ओघळणारं पाणी तिथे अडून टपटप खाली पडत होतं, तंबूपर्यंत पोचत नव्हतं. मला मात्र त्याच्या कमरेचा कोयता तेवढा दिसत होता.

"ओले कपडे बाहेरच काढ," तो म्हणाला. "ताडपत्रीखाली. आत थेंबही न्यायचा नाही."

मी कोरडे कपडे चढवले. माझं ओलं जाकीट त्याने दोरीवर टाकलं, चपला बाहेर पालथ्या घातल्या. राहिलेला कपड्यांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून स्वतःच्या उशाखाली ठेवला.

"याला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"माझे कपडे आहेत ते."

"म्हणूनच."

जाकीट बाहेर, चपला बाहेर, कपडे त्याच्या डोक्याखाली. पळायचं म्हटलं तर अनवाणी, कमरेला गुंडाळलेल्या एका सारोंगवर पळावं लागलं असतं. भात मीच बांधलेला, तरी त्याने आधी खाईपर्यंत मी घास घेतला नाही. त्याच्या ते लक्षात आलं असावं.

जेवण झाल्यावर त्याने तंबूच्या दोन्ही बाजूंच्या झडपा वरून वीतभर उघड्या ठेवल्या. गार वारा थेट मानेवर येत होता.

"थंडी वाजते, कांग."

"वाजू दे. बंद करायचं नाही."

रुमसी कशी गेली असेल, ते मला तिथे पडल्या पडल्या दिसायला लागलं. थंडीनेच. अंगावर ओरखडा नाही, कुणावर आळ नाही. त्याला डोळा लागला तशी मी हळूच उठले आणि दोन्ही झडपांच्या चेन गच्च ओढून घेतल्या. मग कुशीवर वळून त्याच्याकडे तोंड करून पडले. झोपायचं नाही असं ठरवलं होतं, तरी झोप लागली.

जाग आली ती कपाळावर थेंब पडल्याने. उजाडलं होतं. छतावरून पाणी गळत होतं, भिंती ओघळत होत्या, माझी बाही भिजली होती. दार्सा आत नव्हता, कोयताही नव्हता. रात्रभर कोरडा राहिलेला तंबू आता आतून ओला झाला होता. त्यानेच पाणी ओतलं, याबद्दल मला शंकाच उरली नाही. दात वाजत होते. मी त्याच्या उशाखालची पिशवी ओढली, तेवढ्यात दाराची चेन उघडली.

तो वाकून आत बघत होता. हातात कोयता, काखेत सरपण. त्याने छताकडे बघितलं, मग झडपांकडे.

"हे तू बंद केलंस?"

"पाणी तुम्ही ओतलंत?"

"पाणी?" त्याने बोटाने भिंतीवर रेघ ओढली. "हा आपलाच श्वास आहे, नेंग. बाहेर जायला वाट मिळाली नाही की थंड कापडावर पाणी होऊन बसतो. बाहेरून थेंब आलेला नाही."

मला काही ऐकू येत नव्हतं. कालपासून आवळून धरलेलं तोंडातून निसटलं. "रुमसीचं काय केलंत?"

त्याने सरपण खाली टाकलं. कोयताही टाकला, दूर. मग दारातच, पावसाकडे पाठ करून उकिडवा बसला.

"गेली," तो म्हणाला. "इथूनच. तेव्हा मला हे काही येत नव्हतं. तंबू झऱ्याकाठी लावला, सगळं भिजलं, एक धड कपडा कोरडा नाही. मी म्हटलं, एवढं काय, पाणीच आहे. ती पलीकडच्या बाजूने उतरली, एकटी. बस पकडून बहिणीकडे गेली, तिथून जेद्दाला घरकामाला. मग तलाकच झाला."

"तंबू भिजला म्हणून कुणी नवरा सोडतं?"

"तंबू निमित्त झालं. 'एवढं काय' हे मी सगळ्यालाच म्हणायचो."

"गावात लोक काय बोलतात, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग सांगायचं नाही?"

"बायको टाकून गेली म्हणण्यापेक्षा ते बरं वाटायचं. आणि तोंडावर कुणी विचारलंच नाही. तू पहिली."

मी पिशवीची गाठ सोडली, कोरडा सदरा अंगात घातला. त्याने फडक्याने छत आणि भिंती पुसल्या, पाणी बाहेर पिळलं, झडपा उघडल्या. चहा होईपर्यंत वाऱ्याने कापड जवळजवळ वाळलं होतं. दुसऱ्या रात्री झडपा उघड्या राहिल्या. थंडी वाजली, पण सकाळी छत कोरडं होतं.

तरी खाली आल्यावर मी थोरल्या काकांकडे, उआ सासमितांकडे गेले. लग्न त्यांनीच जुळवलं होतं.

"रुमसी जिवंत आहे?" मी विचारलं.

"जेद्दाला आहे. तिच्या बहिणीला मी स्वतः भेटलो होतो." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "का? दार्सा काही वेगळं म्हणाला?"

"नाही. हेच म्हणाला."

"मग विचारायला का आलीस?"

मी उठून घरी आले. काकांना विचारून आल्याचं संध्याकाळी मी दार्साला सांगून टाकलं. तो तंबू घडी करत होता. त्याने घडी पूर्ण केली, पिशवीत भरली, तिचं तोंड बांधलं.

"बरं केलंस," तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं की लागलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला समजलं नाही.