तळहातावर थिजलेलं पाणी

राजेगावच्या बाजारामागच्या मैदानात मुंगीला शिरायला वाट नव्हती. थिजेबाबा आले होते. पार लांजी-बैहरचे लोक हात पसरून रांगेत उभे होते आणि बाबा तांब्यातलं पाणी ज्याच्या त्याच्या तळहातावर ओतत होते. ओतताना ते पाणीच असे; पण पाहता पाहता त्याची लिबलिबीत वडी व्हायची. "भाव सच्चा, तो जल पक्का," हे बाबांचं पालुपद. ज्याचं पाणी थिजलं त्यानं ती वडी दुखण्यावर बांधायची. ज्याचं वाहून गेलं, त्याच्या मनात खोट.

विमलाबाईंचं पाणी दोनदा वाहून गेलं होतं. त्यांच्या नवऱ्याचं, प्रेमलालचं, दोन्ही वेळा थिजलं. धानाच्या बांधीत, शेतातल्या चिखलात, त्याच्या पायात खिळा घुसला होता, त्यात साखरेचा आजार, आणि आठ दिवस जखमेवर बाबांची वडी. आता सूज घोट्यावर चढली होती, पट्टीला वास येत होता. बायकोच्या खोटेपणामुळे जखम चिघळते, असं बाबांनी सांगून टाकलं. तेव्हापासून विमलाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आपलं पाप कोणतं हे त्या रोज शोधायच्या, आणि ते सापडत नाही म्हणून जास्तच घाबरायच्या.

त्यांची मुलगी पौर्णिमा नागपूरला एका प्रयोगशाळेत होती. ती सकाळीच आली, पट्टी सोडून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. आत्ताच्या आत्ता गोंदियाच्या दवाखान्यात चला म्हणाली. पण तिसरी वडी चुकली तर पाय झडेल, असा बाबांचा धाक होता. प्रेमलाल ऐकेना. म्हणून तिघंही रांगेत उभी होती.

"आई, असा जेल आमीबी बनवतो," पौर्णिमा हळूच म्हणाली. "पातळच टाकाचा, जखमेवर आपोआप जमते. पण तो जंतू मारते का नाही, हेच तपासाले दोन वर्सं झाले. याच्या वडीनं एक जंतू मरत नाही. खाली पू वाढून राह्यला."

"मंग माह्याच हातावर काहून जमत नाही?"

"तू कधी तंबाखू मळली का?"

विमलाबाईंनी रांगेकडे पाहिलं. बाबा लोकांना दोन-दोन तास तिष्ठत ठेवायचे, आणि तेवढ्या वेळात इकडचा माणूस चार वेळा तंबाखू मळतो. बहुतेकांच्या तळहातावर चुना होता. पौर्णिमानं सांगितलं, समुद्री शेवाळाची पूड पाण्यात कालवली की पाणी पातळच राहतं; चुना लागला की थिजतं.

विमलाबाईंना पटलं, पण भीती गेली नाही. हे खोटं निघालं आणि बाबांचा शाप खरा निघाला तर? तरी त्यांनी नवऱ्याच्या खिशातली चुन्याची डबी काढली. तळहातावर चुना चोळून त्यांनी हात पुढे केला.

पाणी थिजलं.

"देखो, माई की श्रद्धा जाग गई," बाबा गरजले.

विमलाबाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमी हात धुवा." आजवर त्या नवऱ्याला असं बोलल्या नव्हत्या. पौर्णिमानं पिशवीतला साबण दिला. प्रेमलालनं हापशावर हात घासून धुतला आणि लोकांच्या देखत पुढे धरला. बाबा पाणी ओतायला तयार होईनात, तेव्हा पौर्णिमानंच तांब्या कलता केला. पाणी बोटांमधून वाहून गेलं.

"महाराज, माही श्रद्धा नाही जागली," विमलाबाई म्हणाल्या. आवाज कापत होता, तरी मागच्या ओळीपर्यंत पोचला. "मी चुना लावला."

लोक आपापले तळहात निरखू लागले. हापशाजवळ दुसरी रांग लागली, आणि गडबडीत बाबांची जीप कधी निघून गेली ते कुणाला कळलं नाही.

गोंदियाच्या दवाखान्यात प्रेमलालच्या पायाची दोन बोटं गेली, पाय वाचला. आणखी चार दिवस उशीर झाला असता तर गुडघ्याखाली कापावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

घाबरलेला माणूस चटकन हात जोडतो, त्यात त्याचा दोष नाही. फक्त जोडण्याआधी ते एकदा धुऊन पाहावेत.