उभ्यानं घ्यायचे घास

प्रियानं पाट फरशीवर ठेवला आणि चारी कोपरे तळव्यानं दाबून पाहिले. एक कोपरा किंचित डुगडुगत होता. तिनं पिशवीतून पॉलिश पेपर काढला, पाट उलटा केला आणि खालची पट्टी थोडी घासली. पुन्हा ठेवला. आता तो हलला नाही.

"झालं का तुझं सुतारकाम?" चुलीजवळून चंपाबाई म्हणाल्या. त्या दुहेरी फडक्यातून विहिरीचं पाणी गाळत होत्या. "साडेनऊला महाराज आहाराला उठतात. अजून तुझी आंघोळ व्हायची हाय."

"झालंच, आत्या."

लांबून पाहिला तर पाट साधाच होता. जुन्या सागाचा, दीड हात रुंद. डावी बाजू सपाट. उजव्या बाजूला मात्र पावलाच्या आकाराची खाच होती. टाचेच्या जागी वाटीसारखी खोली, आणि बाहेरच्या अंगाला बोटभर उंच कड. खिळा नाही, सरस नाही, पॉलिश नाही. बेळगावच्या खडेबाजारातल्या बोळात प्रियाचं छोटं वर्कशॉप होतं. अठरा वर्षं ती घोट्याचे पट्टे, कॅलिपर, बुटात घालायचे आधार बनवत होती. मच्छे गावच्या कारखान्यांतले कामगार यायचे, कबड्डीत पाय मुरगळलेल्या मुली यायच्या, लकव्यानं पाऊल लोंबू लागलेली माणसं यायची. प्रत्येकाच्या पायाचा साचा घेऊन ती आधार घडवायची. कुणाच्याही पायाला बांधायचा नाही असा आधार तिनं पहिल्यांदाच केला होता.

श्रेयांस दारात येऊन उभा राहिला. आंघोळ करून त्यानं वेगळं ठेवलेलं पांढरं धोतर नेसलं होतं. कुणाला शिवायचं नाही म्हणून दोन्ही हात अंगाशी धरले होते.

"आक्का, मला हे बरोबर वाटंना झालंय. फसवल्यासारखं हुतंय."

"झाकलंय काय त्यात? ते खाली बघूनच चालतात. दिसेल त्यांना."

"दिसलं आणि माघारी फिरले म्हंजे?"

"साकु रं, बास आता," चंपाबाईंनी त्याला गप्प केलं. "पाट हाय तो. पाटावर समदीच उभारतात. लहानपणी याच बाहुबलीच्या, माझ्या धाकट्या भावाच्या नाकाला मी पदर लावलाय. आता त्याच्याच म्होरं वाकून नमोस्तु म्हणायला लागलोय मी, तवा कुणी विचारलं न्हाय बरोबर का चूक."

श्रेयांस हसला नाही, पण गेलाही नाही.

महाराज म्हणजे प्रिया आणि श्रेयांसचे वडील. साडेचार वर्षांपूर्वीपर्यंत ते निपाणीजवळच्या या गावातले बाहुबली आप्पा होते. आई गेल्यावर आठ महिन्यांनी त्यांनी जमीन श्रेयांसच्या नावावर केली आणि मुनिदीक्षा घेतली. मांडवात हजार माणसं टाळ्या वाजवत होती, त्यात ही दोन मुलंही होती. आईच्या फोटोला हार घालता आला होता. आप्पांच्या बाबतीत काय करायचं ते प्रियाला कुणी सांगितलं नव्हतं. ते होते, गावोगाव चालत होते. फक्त तिचे नव्हते.

यंदा तिघा मुनींचा संघ फिरत फिरत याच गावच्या बस्तीत, जैन मंदिरात उतरला. येताना हायवेच्या कडेच्या खडीवर महाराजांचा उजवा पाय मुरगळला. वाहनात बसायचं नाही, म्हणून एक्स-रे नाही. तेल लावू दिलं, तेवढंच. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाहेरच्या बाजूचा लिगामेंट तुटला तर तो आपोआप धरत नाही, हे प्रियाला बघताक्षणी कळलं होतं.

रविवारी ती बेळगावहून पट्टा घेऊन आली होती. सुती कापडाचा, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या. बस्तीच्या ओसरीवर संघाचं बघणारे वीरेंद्र भैया भेटले. त्यांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"यात चामडं कुठं न्हाय, भैया. मुद्दाम केलाय."

"चामड्याचा प्रश्न न्हाय, आक्का. काही महाराज बांधून घेतात, मी बघितलंय. हे म्हणतात, अंगावर दोरा नको म्हणून सोडलं, आता पट्टा कुठला?"

ती आत गेली. जमिनीला डोकं टेकलं आणि तोंडातून "आप्पा" निघून गेलं. महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून मांडीवर आडवी ठेवली आणि मान खाली घातली. पट्टा तिनं पिशवीतून पुन्हा काढलाच नाही.

खरी अडचण चालण्याची नव्हती. ती आहाराची होती. मुनीनं दिवसातून एकदाच खायचं, तेही उभ्यानं, दोन्ही हातांच्या ओंजळीत. भिंतीला टेकायचं नाही, माणसाला धरायचं नाही. ओंजळ सुटली की आहार संपला; मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. रविवारी सात घास झाले आणि घोटा बाहेर कलंडला. महाराजांचा हात आपोआप भिंतीकडं गेला. भात फरशीवर सांडला. सोमवारी पाच घासांनंतर तेच.

सोमवारी श्रेयांस त्यांचे पाय धूत असताना प्रिया बाजूला उभी होती. पाय धुऊन महाराज काळ्या कडप्प्यावरून आत गेले, तेव्हा मागं ओले ठसे राहिले. डाव्या पावलाचा पूर्ण ठसा. उजव्याचा फक्त बाहेरचा काठ. आहार आटोपल्यावर ती परत आली तेव्हा ते ठसे वाळत होते. तिनं पर्समधून खडू काढला, गुडघे टेकले आणि उजव्या ठशाभोवती रेघ मारली. मग त्यावर वर्तमानपत्र अंथरून आकार उतरवून घेतला आणि दुपारच्या बसनं बेळगावला गेली. मंगळवारचा दिवस पाट कोरण्यात गेला. त्या दिवशी महाराजांचे चारच घास झाले, असा श्रेयांसचा मेसेज आला.

आज बुधवार होता.

आंघोळ करून, रात्रीच वेगळी वाळवलेली साडी नेसून प्रिया स्वयंपाकघरात आली. बिनमिठाची डाळ, भात, दूध, उकळून निववलेलं पाणी. मीठ आणि तूप महाराजांनी सोडलं होतं.

"आणि एक," चंपाबाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या. "रडायचं न्हाय हं. हुंदका कानावर पडला तरी आहार बंद हुतो."

"न्हाय रडत."

"तुझ्या आईच्या वक्ताला बी न्हाय रडलीस. म्हणून तर भ्या वाटतंय."

बाहेर श्रेयांस कलश घेऊन उभा होता. गल्लीत आणखी दोन घरांपुढं माणसं अशीच उभी होती. महाराज बस्तीतून निघाले. उजवा पाय टाकताना ते क्षणभर थांबत, मग पुढं येत. पहिलं घर गेलं. दुसरं घर गेलं. श्रेयांसचा आवाज चिरकला, "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु! अत्र, अत्र! तिष्ठ, तिष्ठ!" महाराज त्याच्या समोर येऊन थांबले. श्रेयांसनं तीन प्रदक्षिणा घातल्या, पाय धुतले, आहार-पाणी शुद्ध असल्याचं म्हटलं. घोटा अजून जांभळा होता. बाहेरची सूज उतरली नव्हती.

महाराज आत आले. नेहमीसारखी त्यांची नजर पुढच्या चार हात जमिनीवर होती. ती सरकत सरकत पाटापर्यंत आली आणि थांबली.

चुलीवरचं झाकण थडथडलं. प्रियाच्या हातात पाण्याचा गडू होता. महाराज पाटाकडं बघत होते. खाचेच्या आकाराकडं, बाहेरच्या कडेकडं, टाचेच्या वाटीकडं. ती खूण त्यांना कळत होती. सुताराच्या हातची नव्हती ती. श्रेयांसनं डोळे मिटून घेतले.

मग महाराजांनी डावा पाय पाटावर ठेवला. उजवा उचलला, आणि सावकाश खाचेत उतरवला.

टाच वाटीत बसली. बाहेरच्या कडेनं पाऊल आत धरलं. प्रियानं अठरा वर्षं हाच क्षण पाहिला होता. माणसाचं वजन आधारावर येतं, आणि त्याचे खांदे खाली येतात. महाराजांचे खांदे खाली आले.

त्यांनी पिंछी बाजूला ठेवली आणि ओंजळ केली.

पहिल्यांदा तिनं पाणी दिलं. मग भात. चंपाबाईंनी डाळीचा घास दिला. शेजारच्या दोघी पुढं आल्या, त्यांनी दूध दिलं. पाच, सहा, सात. सातव्याला श्रेयांसनं भिंतीकडं पाहिलं. काही झालं नाही. आठवा घास देताना प्रियाचं लक्ष ओंजळीवर नव्हतं, घोट्यावर होतं. दोन शितं खाली पडली.

"हाताकडं बघ," चंपाबाई पुटपुटल्या.

बाराव्या घासाला पोटरी थरथरली. कडेनं धरून ठेवलं. पंधरा. अठरा. शेजारणी पुन्हा घास घेऊन पुढं झाल्या, पण महाराजांची ओंजळ त्यांच्याकडं वळली नाही. ती प्रियासमोरच राहिली. ती मागं सरायला निघाली, तरी तिथंच राहिली. मग तिनंच भात दिला. डाळ दिली. पाणी दिलं. ती घास लहान करत नव्हती, मोठाही करत नव्हती. महाराज एकेक घास बोटांनी चाचपून, निरखून मग तोंडात घेत. त्यांनी वर पाहिलं नाही. तिनंही त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

एकोणतिसाव्या घासानंतर त्यांनी पाण्याची खूण केली. तिनं गडू रिता होईपर्यंत पाणी दिलं. मग त्यांनी स्वतःहून ओंजळ सोडली.

आहार संपला होता. आता खाली बसून तोंड धुवायचं होतं. श्रेयांस कमंडलूत पाणी भरून उभा होता. महाराज मात्र पाटावरच होते. हात बाजूला, डोळे खाली, उजवं पाऊल खाचेत. किती वेळ ते कुणी मोजलं नाही. चंपाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि प्रियानं ओठ दातांखाली धरला.

मग ते उतरले.

दुपारी घरात सणासारखं झालं. गल्लीतली माणसं पाट बघायला येऊन गेली. श्रेयांस पहिल्यांदाच मोकळा बोलत होता.

"आक्का, आता खडेबाजारात बोर्ड लाव. आहाराचे पाट मापानं करून मिळतील. समद्या संघांची ऑर्डर येईल बघ."

"तू कमिशन मागशील."

"मागतो की. पाय मी धुतले. ठसा माझ्यामुळं उमटला."

चंपाबाई हसल्या, मग जेवायला वाढता वाढता दोनदा म्हणाल्या, "एकोणतीस झाले की गं! एकोणतीस!" प्रिया जेवली. चार दिवसांत ती पहिल्यांदा पोटभर जेवली. दोन आठवडे असं चाललं तर सूज उतरेल, सहा आठवड्यांत घोटा थोडा धरेल, असा हिशेब ती मनातल्या मनात मांडत होती.

दिवेलागणीला वीरेंद्र भैया आले. ते पायरीवरच बसले. पाणी नको म्हणाले.

"संध्याकाळी प्रतिक्रमणात दिवसाचे दोष म्हणून झाल्यावर महाराज संघाच्या मोठ्या महाराजांच्याकडं गेले. पाटाचं सगळं सांगितलं त्यांनी. आधार हाय ते बघून, कळून उभारलो म्हणाले."

श्रेयांस उठून उभा राहिला. "मग?"

"प्रायश्चित्त मागितलं. मोठ्या महाराजांनी एक उपवास सांगितला. शरीर आजारी हाय, एवढं बास म्हणाले." वीरेंद्र भैयांनी पायरीवरचा एक खडा उचलून बाजूला ठेवला. "यांनी हात जोडून तीन मागून घेतले. उद्या, परवा, तेरवा. पाण्याशिवाय."

"या उन्हात?" चंपाबाई म्हणाल्या. "अवो, तीन कशाचे? चूक तर एकच झाली."

"एक पाटावर उभारल्याचा. दुसरा म्हणाले, ओंजळ सोडल्यावर बी उतरलो न्हाय त्याचा."

"आणि तिसरा?"

वीरेंद्र भैयांनी प्रियाकडं पाहिलं, मग रस्त्याकडं.

"तिसऱ्याचं ते बोलले न्हाय. मोठ्या महाराजांनी विचारलं बी न्हाय."

ते गेल्यावर बराच वेळ कुणी दिवा लावला नाही. श्रेयांस ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. एकदा तो म्हणाला, "मी सांगितलं हुतं," आणि लगेच म्हणाला, "तसं न्हाय, आक्का." प्रियानं मान हलवली. ती आत गेली. सकाळची भांडी घासून पालथी घातलेली होती; ती तिनं एकेक करून पुन्हा विसळली. तीन दिवसांत पोटरी किती सुकेल, पाऊल किती सेकंद वजन पेलेल, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती.

चंपाबाई दारात येऊन टेकल्या. पाट भिंतीशी उभा होता. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

"रविवारी उठतील आहाराला," त्या म्हणाल्या. "कुठला पाट मांडायचा गं?"

प्रियानं हातातला गडू पुसला आणि फळीवर ठेवला.

"साधा मांडा, आत्या." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "आणि भात आधी देऊ नका कुणी. ओंजळ कधी सुटंल सांगता येत न्हाय. आधी पाणीच द्या."