सर्वांत गार चौकोन

पाळणाघर निवडताना लोक दारातून आत डोकावतात. हिने वरून डोकावलं, थेट उपग्रहातून.

तिची नोकरीच तशी. शहरातली झाडं माणसांना फुकटात किती गारवा पुरवतात, हे उपग्रहाच्या चित्रांवरून मोजायचं. तापलेली जागा नकाशात लाल, गार जागा निळी. लाल भागांत पालिका झाडं लावणार होती. बाळंतपणाची रजा संपत आली, तशी तिने घराजवळची सगळी पाळणाघरं त्या नकाशावर टाकली. एकच चौकोन निळाशार निघाला.

"अगं, एकदा जाऊन तरी बघ," सासूबाई म्हणाल्या.

"आई, सातशे किलोमीटरवरून बघितलंय."

"म्हणूनच म्हणते, जरा जवळ जा."

नवऱ्याला चेव आला. "लग्नाआधी माझाही चौकोन तपासला होतास का गं?"

"तेव्हा ढग होते."

जागा भरून जाईल या धास्तीने तिने फोनवरच लेकीचं नाव घातलं. पहिल्या दिवशी सकाळी दारातच लेकीला बाईंच्या हाती दिलं आणि डोळे पुसत ऑफिस गाठलं. दुपारी राहवेना, म्हणून परत आली.

खोली लख्ख, बाई मायाळू, पंखे सुरू. पण आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. लेक घामाने निथळत होती, झबलं पाठीला चिकटलेलं. तिने वर पाहिलं. नवाकोरा पत्रा! शेजारच्या गोदामांवरही तोच, चकचकीत.

परीक्षेतलं स्वतःचंच उत्तर तिला आठवलं. चकचकीत पत्रा कितीही तापला तरी उष्णता बाहेर सोडताना हात आखडतो, म्हणून उपग्रहाला तो गार वाटतो. त्या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते. आणि एवढी हुशार बाई पोटच्या पोरीला तापल्या तव्याखाली ठेवून गेली होती!

"दुपारचं जरा तापतं," बाई ओशाळून म्हणाल्या. "आता पालिका झाडं लावणार म्हणे. आमच्या गल्लीत लागली तर बरं."

गल्ली निळी होती. निळ्या गल्लीला झाड मिळणार नव्हतं. लेकीला उचलून चालतं होणं सोपं होतं, पण कोपऱ्यात बाकीची पोरं लालबुंद तोंडांनी तिच्याकडे बघत होती.

लेकीला कडेवर घेऊन तिने दारातूनच साहेबांना फोन लावला. "साहेब, पालिकेला नकाशा पाठवू नका. माझी चूक झालीय. तो सर्वांत गार चौकोन गार नाहीये."

"कशावरून म्हणता?"

"लेकीच्या पाठीवरून."

साहेबांनी विचारलं, "आणि बाकीचे निळे चौकोन?"

तिने गल्लीभर नजर टाकली. पत्रे उन्हात नुसते लखलखत होते.

"जाऊन बघते," ती म्हणाली. हे ऐकायला सासूबाई तिथे नव्हत्या, तेवढंच नशीब.