डेसचं सुकाणू

कालव्यावरची कुठलीही होडी बघा, चित्र एकच. नवरा मागे सुकाणू धरून राजासारखा उभा, हातात चहाचा मग. आणि बायको घामाघूम होऊन लॉकचे, म्हणजे पाणी चढवून-उतरवून होडी वरखाली करणाऱ्या दगडी हौदाचे, दरवाजे ढकलतेय. हे जड काम बायकांच्या गळ्यात कधी पडलं, ते बर्मिंगहॅममध्ये कुणी विचारत नाही. ग्लेंडानेही लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीपासून विचारलं नव्हतं. दर सप्टेंबरात होडी भाड्याने घ्यायची, नवऱ्याने, डेसने, ती चालवायची आणि हिने झडपा उघडायचं वाकडं हँडल पट्ट्यात खोचून पुढे चालत सुटायचं. लोक सुट्टीला स्पेनला जातात. हे दोघं कारखान्यांच्या मागच्या भिंती बघत जात, आणि त्यातच खूश असत.

यंदा मात्र ग्लेंडाचा जीव टांगणीला लागला होता. डेसचे डोळे बिघडत चालले होते. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच धुरकट. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं तेव्हा तो कितीतरी दिवस कुणाशी धड बोलला नाही. होडीला परवाना लागत नाही, म्हणून ती तेवढी उरली होती. कालव्याला दोन्ही बाजूंनी भिंती, त्या कडेच्या नजरेत बरोबर येतात, असं तो म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. हेही काढून घेतलं तर घरी खुर्चीत बसलेला डेस आपल्याला बघवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती गप्प होती.

शहराच्या मधोमध लॉकची उतरती रांग लागली. उतरताना लॉकमधलं पाणी खालच्या झडपांतून सोडतात. वरच्या दरवाजाच्या पायथ्याशी पाण्याखाली दगडी उंबरा असतो. होडीचा मागचा भाग त्यावर अडकला की पुढचं टोक खाली जातं आणि होडी बुडते. म्हणून काठावर पांढरी रेघ मारलेली असते. तिच्या पुढे राहायचं, एवढंच.

"डेस, अजून थोडी पुढे घे!" ग्लेंडा ओरडली.

"तू तुझं हँडल फिरव गं. चालवायचं माझ्यावर सोड."

वर चढायला खाली थांबलेल्या होडीवरची एक बाई मदतीला आली होती. ती हसली. "तुमचाही तसलाच का? काम सांगायला जीभ लांब?"

"लांब? तिला होडी बांधता येईल."

ग्लेंडाने झडप उघडली आणि दोघी नवऱ्यांची उणीदुणी काढत उभ्या राहिल्या. पाणी उतरू लागलं. मग दगडावर लोखंड खरवडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ होडीत कपबश्या फुटल्याचा. ग्लेंडाने वळून पाहिलं. होडीचं पुढचं टोक खाली चाललं होतं आणि मागचं उंबऱ्यावर अडकलं होतं. डेस कठड्याला लटकल्यासारखा उभा होता.

तिने खटका काढून झडप धाडकन पाडून बंद केली. "वरची झडप उघडा! हळू!" ती बाईवर ओरडली आणि स्वतःच वरच्या दरवाजाकडे धावत सुटली. गुडघे दुखतात हे तिला आठवलंही नाही. वरून पाणी आत आलं, होडी कुरकुरली, मग उंबऱ्यावरून सुटून सरळ झाली. बाई आपल्या होडीकडे निघून गेली. शहाणी होती.

"रेघ दिसली नाही तुला?"

"रेघ आहे कुठे तेच दिसत नाही," डेस म्हणाला. "परवापासून अंदाजानेच थांबवतोय."

"आणि बोलला नाहीस? बुडाला असतास, मूर्खा!" तिला रडू फुटलं.

"तू तरी कुठे बोललीस? पूल आला, होडी आली, सगळं आधीच ओरडून सांगतेस. मला कळत नाही का?"

डेसने सुकाणूवरचा हात काढला, पुन्हा ठेवला, आणि मग सावकाश काठावर उतरला. त्याने हात पुढे केला. "आण ते हँडल."

"मी कधी होडी चालवलेली नाही, डेस."

"मी कधी दरवाजा ढकललेला नाही. पाठ लावून ढकलतात ना? पाठीला डोळे लागत नाहीत."

ग्लेंडाने हँडल दिलं. काठाच्या दगडाला हात लावत तो खालच्या दरवाजाकडे चालत गेला. तिला त्याला धरावंसं वाटलं, पण तिने धरलं नाही.

ती होडीवर चढली. सुकाणू तिच्या अंदाजापेक्षा जड होतं. एकदा भिंतीवर आपटून तिने होडी रेघेच्या चांगली पुढे नेली आणि तयार असल्याची खूण म्हणून हात वर केला. डेस तिच्याकडेच तोंड करून उभा होता, पण झडप उघडेना. ती हात तसाच धरून थांबली. मग तिच्या लक्षात आलं. तिने हात खाली घेतला.

"रेघेच्या पुढे आहे मी! सोड पाणी!"

"नीट बघितलंस?"

"तुझ्यापेक्षा नीट."

तो खो खो हसला आणि झडप उघडली. होडी उतरू लागली. ओल्या काळ्या भिंती वर चढत गेल्या, आणि थोड्याच वेळात काठावरचा डेस तिलाही दिसेनासा झाला.

"ग्लेंडा, आहेस ना?"

"आहे रे, आहे."

जरा थांबून त्याने पुन्हा विचारलं, आणि तिने पुन्हा सांगितलं.