ट्रम्पेटची आंघोळ

कुंजीलाल कुडवा गावच्या बँडपार्टीत ट्रम्पेट वाजवायचा. त्या दुपारी झोपण्याआधी त्यानं ट्रम्पेटचे पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, काढून तेलात ठेवले. उठून पाहतो तर खुंटीवर ट्रम्पेटच नाही. ट्रम्पेट अंगणात, चुलीवरच्या हंड्यात उकळत होता आणि बायको, गिरजा, त्याला उलथन्यानं हलवत होती.

"हे काय करून राहिली तू?"

"वॉर्निश जागोजागी उडालं होतं. नवरदेवापुढं खरूज झाल्यावानी दिसते. सोडा टाकला, निघून जाईल सारं."

कुंजीलालनं चिडून तिचं उलथनं बाजूला सारलं. त्यानं चिमट्यानं ट्रम्पेट बाहेर काढला. वॉर्निश सायीसारखं सुरकुतलं होतं. ट्रम्पेट गार झाल्यावर त्यानं नखानं एक टोक ओढलं, तसा वीतभर पापुद्रा सरकन निघाला. त्याबरोबर त्याचा रागही गेला. मग दोघं पायरीवर बसून, उकडलेला बटाटा सोलावा तसा ट्रम्पेट सोलू लागले. चिंचेनं घासल्यावर पितळ लखलखलं.

"आता हा लवकर काळा पडते. रोज घासा लागन," तो म्हणाला.

"घासू. मी वाजवून पाहू का?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधीच विचारलं नव्हतं. त्यानं पिस्टन बसवले आणि ओठ कसे आवळायचे ते दाखवलं. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा असा आवाज आला की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. गिरजाला हसू आवरेना.

"राहू द्या, उद्या शिकवा," ती म्हणाली.

"उद्या कायले? आताच फुंक," म्हणत कुंजीलालनं ट्रम्पेट पुन्हा तिच्या हाती दिला.